ठकूचा आकडा

मिरजेच्या यदृच्छा प्रयोगशाळेत कुठलीच गोष्ट ठरवून होत नसे, आणि याचा तिथल्या लोकांना अभिमान होता. यदृच्छा म्हणजे ज्याचा आधी अंदाज बांधता येत नाही असं घडणं. ते घडवून कसं आणायचं, यावर तिथली माणसं पगार घेऊन डोकं शिणवत. कॅन्टीनमध्ये चहा की कॉफी हे नाणं उडवून ठरे. एका वर्षी संचालकांनी रजासुद्धा चिठ्ठ्या टाकून मंजूर केल्या. पहिली रजा मिळाली ती अर्जच न केलेल्या माणसाला, आणि तो बिचारा निमूटपणे गोव्याला जाऊन आला.

प्रयोगशाळेच्या मधोमध, शिशाच्या जाड पेटीत, किरणोत्सारी पदार्थाचा मोहरीएवढा कण ठेवलेला होता. त्यातला कुठला अणू कधी फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही. पेटीला जोडलेलं यंत्र हे फुटणं टिपून त्यातून आकडे तयार करी. त्याला क्षयगणक म्हणत. जगात खरा बेभरवशाचा असा हा एकटाच, असं ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. रियाज मुजावर सांगत. "बाकीचे बेभरवशाचे लोक वेळापत्रकाप्रमाणे दगा देतात," हे त्यांचं आवडतं वाक्य.

त्या सोमवारी डॉ. मृणाल खोपकर आली ती थेट मुजावरांच्या टेबलापाशी. चपलांना चिखल, केस सुटलेले.

"सर, अप्पा पुन्हा बाहेर गेले."

मुजावरांनी चष्मा काढला. "कुठवर?"

"द्रुतमार्गाच्या कठड्यापर्यंत. एक पाय पलीकडे टाकलेला होता. भाजीवाल्यानं दंड धरून ठेवला म्हणून."

अप्पा म्हणजे मृणालचे वडील, भालचंद्र खोपकर, मिरज जंक्शनचे निवृत्त स्टेशनमास्तर. दोन वर्षांपासून त्यांना विस्मृतीचा आजार जडला होता. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे, पण दुपारी गाडी यायची वेळ झाली की अंगावर कोट चढवून ते ड्यूटीवर निघत. घर आणि स्टेशन यांच्या मध्ये आता द्रुतमार्ग आला होता, आणि त्यावरून बिनचालकाचे मालट्रक रात्रंदिवस वाहत. ट्रक हुशार होते. माणूस दिसला की ब्रेक लावत. पण भरल्या ट्रकला थांबायला किती जागा लागते, हे कोट घातलेल्या म्हाताऱ्याला कोण समजावणार?

मृणालच्या घराला गृहराखण बसवलेली होती. त्या काळी ती घरोघर असे. दार आतून उघडा की बाहेरून, आधी चार आकड्यांचा संकेतांक दाबायचा. तीनदा चुकलं की भोंगा वाजे आणि दार त्या बाजूनं तासभर मिटून बसे. पूर्वी असली कुलपं चेहरा बघून किंवा बोट लावून उघडत, पण फोटोवरून चेहरे आणि बोटं घडवून देणारी दुकानं निघाली तेव्हापासून त्यांचा उपयोग संपला. चोराला फोटोत सापडणार नाही असा एकच ऐवज माणसाकडे उरला, तो म्हणजे मनातला आकडा.

साधं कुलूप लावून पाहिलं होतं. अप्पांनी ते धरून तासभर हुंदके दिले. "मला कोंडलं, मी काय केलं," एवढंच म्हणत राहिले. बटणांच्या पाटीचं मात्र त्यांना काही वाटत नसे. तो त्यांना खेळ वाटे.

"आकडा काय ठेवला होतास?" मुजावरांनी विचारलं.

"सांगायची लाज वाटते. सुरुवातीला आईचं जन्मसाल."

"शाबास. यदृच्छाशास्त्रातली डॉक्टरेट."

"ते पहिल्याच दिवशी उघडलं. मग तेच उलटं केलं, तेही उघडलं. मग २७१८ ठेवला. गणितातला नेहमीचा स्थिरांक."

"रेल्वेतल्या माणसाला तो कुठून ठाऊक?"

"कॉलेजात असताना खोलीच्या भिंतीवर मी तो खडूनं लिहिला होता. भिंत रंगवली त्यांनीच." मृणाल खुर्चीत बसली. "काल मी म्हटलं, डोक्यात येईल तो टाकू, कशाशी संबंध नसलेला. ७३९४. अप्पांनी दुसऱ्या खेपेला उघडलं. विचारलं तर म्हणतात, 'ठकू, तू घाबरलीस की सातापासून सुरुवात करतेस. मग छोटा, मग मोठा, म्हणजे शोधणाऱ्यानं गोंधळावं. आणि शेवटी दमून सम आकड्यावर बसतेस.' सर, या माणसाला शालनताईंचं नाव आठवत नाही. चौदा महिने त्या त्यांना सांभाळतायत."

मुजावर हसले नाहीत. "लहानपणी तुमच्याकडे काही खेळ होता का गं?"

"पत्त्यांचा होता. चॅलेंज. पानं उपडी टाकायची आणि म्हणायचं, तीन राजे. थाप वाटली तर समोरच्यानं चॅलेंज म्हणायचं. मी थाप मारली की अप्पा पान खाली टेकायच्या आत चॅलेंज म्हणत. त्यांची थाप मला एकदाही पकडता आली नाही. एकदाही नाही."

"मग कोडं कसलं आहे यात?" मुजावरांनी फळ्याकडे जाण्याचा मोह आवरला आणि बसूनच सांगू लागले. "माणसाला यदृच्छ निवड करताच येत नाही. बोटाला जसा ठसा, तसा निवडीलाही. निवडठसा म्हण. शर्टाचा रंग घे, ताटातली पहिली भाजी घे, मनातला आकडा घे, सगळीकडे तोच उमटतो. अनोळखी माणसाला तो वाचता येत नाही, म्हणून कुलपं चालतात. ज्यानं तुझ्या हजारो निवडी पाहिल्यात, त्याच्यापुढे दहा हजार आकड्यांतले उरतात चार-पाच. तेवढ्याला तीन प्रयत्न पुष्कळ झाले."

"पण ते सगळं विसरलेत."

"नवं आधी जातं, जुनं मागाहून. पोराच्या डोक्यात काय चाललंय हे बापाला कळतं ती काही माहिती नसते, ते वळण असतं, पोहण्यासारखं. नदीचं नाव विसरलं तरी माणूस पोहतो."

"मग माझ्या हातात काय राहिलं?"

मुजावरांनी शिशाच्या पेटीकडे बोट केलं. "तू आकडा निवडूच नकोस. तो देईल तो घे. त्याला बाप नाही."

मृणालनं दुपारभर क्षयगणकापुढे बसून आकडा काढला आणि संध्याकाळी गृहराखणीत भरला. दुसऱ्या दिवशी शालनताई पोळ्या लाटत असताना अप्पा कोट घालून पाटीपाशी आले. पहिला प्रयत्न चुकला. दुसरा चुकला. अप्पा मागे सरकले, मान तिरकी केली, आणि जणू पाटीच्या जागी मुलगी उभी आहे अशा नजरेनं तिच्याकडे बघत राहिले. मग तिसरा आकडा दाबला आणि दार उघडलं. शालनताई पिठाच्या हातांनी धावल्या म्हणून फाटकातच गाठ पडली.

"हे अशक्य आहे," मृणाल प्रयोगशाळेत म्हणाली. "अणूच्या पोटातलं अप्पांना कसं कळणार?"

"दुपारभर काय करत होतीस?"

"आकडा काढत होते."

"एक आकडा? दुपारभर?"

मृणालनं टेबलावरचा कागद सरळ केला. मग म्हणाली, "पहिला शून्यावर संपत होता."

"मग?"

"टाकून दिला. मग एकात दोन पाच आले, ते सोपं दिसत होतं. एक अप्पांच्या वाढदिवसासारखा होता. असे बरेच गेले. मग एक बरा आला."

"बरा म्हणजे तुझ्यासारखा." मुजावरांनी टेबलावर बोट वाजवलं. "अगं, गणकानं यदृच्छा दिली आणि तू ती चाळणीतून गाळलीस. चाळणी कुणाची? तुझी. नाकारणं हीसुद्धा निवडच. आणि शून्याचं काय वाकडं होतं?"

"काही नाही." तिला हसू आलं आणि लाजही वाटली. "आहेराच्या पाकिटावर एकाचं नाणं लागतंच ना, शंभरावर एक, पाचशेवर एक. शून्यावर काही संपवायचं नाही. ते नाणं चिकटवायचं काम घरात माझ्याकडे होतं. डिंकाची बाटली अप्पा धरायचे."

"म्हणजे हजार आकडे त्यांनी तिथेच बाद केले." मुजावर उठले. "चल. आता पहिला येईल तो. पंगतीत वाढलं ते खायचं, नाक मुरडायचं नाही."

पेटीत कुठेतरी अणू फुटले. पडद्यावर आकडा आला: ५०००.

मृणालचा हात आपोआप रद्दच्या बटणाकडे गेला. मुजावरांनी तो धरला.

"सर, हा तीन शून्यांचा आहे. हा कुणीही ओळखेल."

"अनोळखी चोर कदाचित ओळखेल. बाप ओळखणार नाही, कारण तू हा कधीच ठेवणार नाहीस हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ज्याला तुझी सगळी वळणं पाठ आहेत, त्याच्यासाठी सगळ्यात लांबची जागा हीच."

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी अप्पांचे तिन्ही प्रयत्न चुकले, भोंगा वाजला. ते दचकून खुर्चीत बसले, आणि तासाभरात गाडीची वेळ टळली तशी गाडीही विसरले. तिसऱ्या दिवशी तेच. शालनताईंनी भोंग्याचा आवाज कमी करून घेतला. पंधरवड्यानं गृहराखणीनं आपण होऊन कळवलं की घराचा अभेद्यांक शंभर टक्के आहे. अभेद्यांक म्हणजे गेल्या पंधरा दिवसांत कुलूप फोडायचे प्रयत्न किती वाया गेले त्याचं प्रमाण. इतके दिवस तो लाजिरवाणा होता. मृणालनं त्या दिवशी कॅन्टीनमध्ये नाणं न उडवता सगळ्यांना कॉफी पाजली, त्यावरून थोडी कुरबुरही झाली.

पावसाळा गेला, दिवाळी झाली. अप्पा रोज दुपारी पाटीपाशी जात, तीन आकडे दाबत, भोंगा ऐकून परत येत. मृणालला रात्रीची झोप लागू लागली. सुरक्षित घरात चौकशा कमी होतात. ती संध्याकाळी येई, "अप्पा, जेवलात ना?" म्हणे, ते मान हलवत, ती कामाला लागे. ते हल्ली कमी बोलत. दार उघडत नाही म्हणून रुसले असतील, असं तिला वाटे.

संक्रांतीच्या सुमारास मुजावरांनी डब्यातली तिळाची वडी पुढे करत सहज विचारलं, "अप्पा कसे आहेत? ओळखतात ना तुला?"

"म्हणजे काय. ओळखतात की."

"कशावरून?"

मृणालनं वडी हातातच धरली. आठवून पाहिलं. ठकू अशी हाक कधी ऐकली? दिवाळीत? दिवाळीत घरात पाहुणे होते. त्याआधी?

"मी विचारलं ते विसर," मुजावर म्हणाले.

"नाही, सर. तुम्ही कशासाठी विचारलंत ते कळलं." तिनं वडी टेबलावर ठेवली. "मला वाटत होतं यदृच्छा जिंकली. पण ५००० त्यांना ओळखता येणारच नव्हता. मला ओळखत असते तरी नाही, आणि विसरले असते तरी नाही. दोन्हीकडे शंभर टक्केच."

मुजावरांनी चष्मा पुसला. "खऱ्या यदृच्छ कुलपाला सगळे सारखेच असतात. चोर, मांजर, बाप. ते कुणाला आत घेत नाही, आणि बाहेर कोण उभं आहे हेही सांगत नाही. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. सुचलं नाही."

दुसऱ्या दिवशी मृणालनं रजा घेतली, अर्ज करून. फाटकाला बाहेरून साखळी घातली, शालनताईंना अंगणात उभं केलं आणि गृहराखणीत आपल्या डोक्यातला आकडा भरला. सातापासून सुरू होणारा, सम आकड्यावर बसणारा. तिला अभेद्य कुलूप नको होतं. ते फुटावं म्हणून ती दाराबाहेर पायरीवर उभी राहिली.

"ताई, उघडलं तर?" शालनताई म्हणाल्या.

"उघडलं तर पेढे आणू."

आतून बटणं वाजली. चार. थांबणं. चार. मग चार. भोंगा.

दुसऱ्या दिवशी तिनं २७१८ ठेवला. भोंगा. तिसऱ्या दिवशी आईचं जन्मसाल ठेवलं. भोंगा. चौथ्या दिवशी तिनं ठेवली स्वतःची जन्मतारीख, दिवस आणि महिना, शाळकरी पोरंसुद्धा ठेवत नाहीत असा उघडावाघडा आकडा. पुन्हा पायरीवर उभी राहिली. आत चपलांचा आवाज आला, कोटाची बटणं लावताना काढलेला खाकरा आला.

प्रत्येक बटणाचा सूर वेगळा होता. तीन दिवस ऐकून ती सुरावट तिला ओळखीची वाटू लागली होती. अप्पांचं बोट पाटीवर टेकायच्या आधीच तिच्या ओठांवर आलं, "चौदा पंचवीस." आत तेच सूर वाजले. ती कोल्हापूरची पॅसेंजर. "सोळा चाळीस." बेळगावची. तेही वाजले. "आता मालगाडी. मालगाडीला वेळ नसते, ते शून्य शून्य शून्य शून्य टाकतील." चार सारखे सूर आले, आणि भोंगा.

शालनताईंनी तोंडावर पदर धरला. "तुम्हाला कसं कळलं, ताई?"

मृणालनं बाहेरच्या पाटीवर आकडा दाबला. ती दार उघडून आत गेली. अप्पा कोट घालून पाटीपुढे उभे होते, घाबरलेले.

"बाई," ते अदबीनं म्हणाले, "तुमचं दार बिघडलंय. मला ड्यूटी आहे. कुणाला तरी बोलवा."

"बोलावते हं," ती म्हणाली. "तोवर बसा." तिनं त्यांना हाताला धरून बसवलं. पाटीच्या कोपऱ्यात अभेद्यांक झळकत होता, शंभर टक्के.

त्या आठवड्यात मृणालनं घरी जे केलं, त्याची प्रयोगशाळेच्या शिस्तीत सोय नव्हती. पुढच्या दारावर तिनं पुन्हा ५००० ठेवला, कायमचा. घराच्या मागे भिंतीनं वेढलेलं परसू होतं, तिथे जाणाऱ्या दारावर दुसरी पाटी बसवली. दारापलीकडे एक बाक ठेवला, स्टेशनवर असतो तसा. पुढच्या दाराच्या पाटीवर तिनं पडदा सोडला. मागच्या पाटीचा आकडा ती रोज सकाळी स्वतः भरी. त्यासाठी तिला क्षयगणक लागत नसे. ती चहा घेत अप्पांच्या चेहऱ्याकडे बघे. झोप कशी झाली, कोटाचं वरचं बटण लावलंय की नाही, आज कोल्हापूर की बेळगाव. मग ते दाबतील तो आकडा भरी.

"म्हणजे ओळखता यावं असं कुलूप," मुजावर म्हणाले. "उभ्या हयातीत असली मागणी ऐकली नाही. चुकतेस का कधी?"

"सुरुवातीला चुकले. आता फारशी नाही."

"अभेद्यांक?"

"शून्याकडे चाललाय."

"शून्यावर काही संपवत नाहीत म्हणाली होतीस."

"हे संपलं तर चालेल."

उन्हाळ्यातल्या एका दुपारी ती घरी होती. अप्पा कोट घालून मागच्या दाराशी गेले, मान तिरकी केली आणि पहिल्याच खेपेला दार उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जे तिनं पत्त्यांच्या डावात, पान खाली टेकायच्या आत, शेकडो वेळा पाहिलं होतं. ते परसात बाकावर जाऊन बसले, भिंतीकडे बघून हात वर करून कुठल्यातरी गाडीला निशाण दाखवलं आणि समाधानानं टोपी मांडीवर ठेवली. ती पाणी घेऊन गेली.

"बाई, रागावू नका," ते म्हणाले, "पण तुमच्या कुलपाचा आकडा अगदीच सोपा आहे. माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही सापडतो. चोराला काय वेळ लागणार?"

"मग काय करू?"

"माझ्या मुलीकडून घ्या. ठकू नाव. तिच्या मनातला आकडा कुणाला सापडायचा नाही. मी तिचा बाप, पण मला जन्मात एकदाही ओळखता आला नाही. एकदाही नाही."

मृणालनं त्यांच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची थाप तिला पकडता आली होती. शब्द ओठांवर आला होता, तीन अक्षरांचा, लहानपणच्या पत्त्यांच्या डावापासून राखून ठेवलेला.

"विचारते तिला," ती म्हणाली, आणि पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.